तळ्याचं पाणी चार दिवस स्वच्छ, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या

दर रविवारी सकाळी मी बागेतल्या माशांच्या तळ्याच्या फिल्टरचं खोकं उघडायचे. स्पंज बाहेर काढून नळीच्या धारेखाली पिळून पिळून मूळ रंगावर आणायचे, सिरॅमिकच्या रिंगा जाळीच्या पिशवीसकट खळबळून धुवायचे, खोकं आतून ब्रशने घासायचे. जोडीला तळ्यातलं पाऊण पाणी उपसून नवं भरायचं. संध्याकाळी तळाचा खडा न् खडा दिसायचा. गुरुवारी पाण्यावर हिरवट झाक यायची आणि शनिवारी मासे फक्त खाणं टाकल्यावर, तेही तोंडापुरतेच दिसायचे. दोन उन्हाळे हे असंच चाललं. फिल्टर लहान पडतोय असं वाटून मोठा आणला, तरी तेच.

तुमचंही असंच होत असेल तर नवा फिल्टर घ्यायची घाई करू नका. माझ्याकडे दोष एक नव्हता, तीन होते आणि तिन्ही एकाच वेळी होते. त्यामुळे एक दुरुस्त केला तरी पाणी हिरवंच राहायचं आणि मला वाटायचं, हाही उपाय फुकट गेला. म्हणून क्रमाने तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी काचेचा ग्लास

तळ्यातलं पाणी साध्या पारदर्शक ग्लासात घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि बघा. मग तो ग्लास एक दिवस न हलवता ठेवून द्या.

दुसऱ्या दिवशी वरचं पाणी नितळ आणि तळाशी मातकट थर असेल, तर तुमचं दुखणं माती आहे. मासे कुंड्यांतली माती उकरतात, किंवा पाऊस पडला की वाफ्यातली माती तळ्यात वाहून येते. कुंडीच्या मातीवर जाड खडीचा थर द्या आणि तळ्याचा काठ जमिनीपेक्षा चार बोटं उंच करा. यात फिल्टरचा काही गुन्हा नाही.

पाणी नितळ आहे पण चहाच्या रंगाचं, तर तळाशी पानं कुजताहेत. पानं काढा. सक्रिय कोळशाची पिशवी फिल्टरमध्ये ठेवली तर रंग उतरतो, पण पानं तशीच राहिली तर महिन्याभरात पुन्हा चढतो.

पांढुरकं, दूध मिसळल्यासारखं दिसत असेल, आणि तळं नवं असेल किंवा नुकतंच सगळं धुवून काढलं असेल, तर ते जिवाणू आहेत. ते आपोआप बसतं. खाणं कमी करा, पाण्यात हवा सोडा आणि हात लावू नका.

आणि ग्लासातलं पाणी एकसारखं हिरवं असेल, दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं असेल, तर ते तरंगतं शेवाळ. पुढचं सगळं मुख्यतः याच प्रकाराबद्दल आहे. दगडांना चिकटलेलं, केसांसारखं लांब शेवाळ ही वेगळी जात. पाणी नितळ असतानाही ते वाढतं, त्याला फिल्टरसोबतच्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याचा काही उपयोग नाही, काठीला गुंडाळून उपटणं हाच उपाय.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तरंगतं शेवाळ म्हणजे एकेका पेशीचे जीव, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजावेत इतके बारीक. स्पंजाची छिद्रं त्यांच्यापुढे दरवाज्यासारखी. ती पेशी एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. तेव्हा "फिल्टर हिरवं पाणी गाळत का नाही" हा प्रश्नच चुकीचा आहे. गाळणं हे त्याचं अर्धं काम, तेही कचऱ्यापुरतं. उरलेलं अर्धं काम त्यात राहणारे जिवाणू करतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया ते आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. शेवाळाला यांपैकी अमोनिया सगळ्यात सोपा पचतो. फिल्टरमधले जिवाणू मेले की तो अमोनिया शेवाळाला ताटात वाढून मिळतो.

आणि मी दर रविवारी नेमकं तेच करत होते.

पहिला दोष: फार स्वच्छ फिल्टर

स्पंजावर जो तपकिरी, बुळबुळीत थर असतो तो घाण नाही. निदान सगळा नाही. त्यातच हे जिवाणू घर करून राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते घरचे आणि परके असा भेद करत नाही. शिवाय हे जिवाणू वाढायला आळशी. साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना जवळजवळ दिवस लागतो. नव्या फिल्टरमध्ये त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे जातात, थंडीत आणखी जास्त. दहा अंश सेल्सियसच्या खाली तर त्यांचं काम अगदीच मंदावतं. आता हिशेब करा: सहा आठवड्यांनी जे तयार व्हायचं ते मी दर सात दिवसांनी पुसून टाकत होते. माझा फिल्टर दोन वर्षं वापरात होता, पण वयाने कधी आठवड्यापेक्षा मोठा झालाच नाही.

खात्री करायची असेल तर अमोनियाचं थेंबांचं टेस्ट किट आणा. माझ्या किटमध्ये पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं होत गेलं तर आहे. मी धुण्याच्या आधी शनिवारी तपासलं: पिवळं, किंचित हिरवट. मंगळवारी तपासलं: स्पष्ट हिरवं. पाऊण पाणी बदलूनसुद्धा. एवढा पुरावा पुरे होता.

तेव्हापासूनची पद्धत अशी. बादलीत तळ्याचंच पाणी घ्यायचं. पहिला, जाड छिद्रांचा स्पंज त्यात चार-पाच वेळा दाबायचा. गाळ सुटला की पुरे, रंग उजळेपर्यंत नाही. ते काळं पाणी झाडांना घालायचं, झाडं खूश. आतल्या रिंगांना किंवा बारीक स्पंजांना त्या दिवशी हात लावायचा नाही. त्यांच्यावर फारच गाळ बसला असेल तर निम्मे आज, निम्मे तीन-चार आठवड्यांनी, तेही तळ्याच्या पाण्यातच. साबण, ब्लीच, गरम पाणी यांतलं काहीच नाही. आणि वार ठरवून धुवायचं नाही. धार कमी झाली की धुवायचं. धार कमी झाली हे कसं कळणार, ते पुढे येतंच आहे.

पाणी बदलण्याचंही तेच. पाऊण पाणी एकदम बदलणं बंद. आठवड्याला दहावा हिस्सा, फार तर पाचवा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारं औषध टाकूनच. पाणी एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते असं उडत नाही, त्याला औषधच लागतं.

दुसरा दोष: पंपावरचा आकडा

माझ्या पंपावर ताशी ४००० लिटर लिहिलेलं. तळं मी लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली असं धरलं होतं: ३ मीटर, २ मीटर, मध्यावर ०.८ मीटर, म्हणजे ४८०० लिटर. पाणी सव्वा तासात एकदा फिल्टरमधून फिरतंय या समजुतीत मी निर्धास्त.

दोन्ही आकडे खोटे निघाले. तळ्याचे काठ उतरते, त्यामुळे खोली सगळीकडे ०.८ नाही. पुढच्या वेळी तळं रिकामं झालं तेव्हा आधी नळाखाली १५ लिटरची बादली लावून पाहिली: एक मिनिटात भरली. म्हणजे ताशी ९०० लिटर. तळं भरायला चार तास लागले. म्हणजे ३६०० लिटर. हा आकडा एकदा नक्की करून फिल्टरच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा, औषधाचा डोस काढतानाही हाच लागतो. तळ्याच्या आकारावरून अंदाज करून औषध टाकलं असतं तर मी तिसऱ्या हिश्श्याने जास्त टाकलं असतं.

मग पंपाची धार. फिल्टरमधून पाणी जिथे तळ्यात पडतं तिथे तीच बादली धरली आणि पुतण्याला मोबाइलवर वेळ लावायला सांगितलं.

"काकू, पंचेचाळीस सेकंद."

"नीट बघ रे, उशिरा थांबवलं असशील."

"पुन्हा लावू?"

पुन्हा लावलं. चव्वेचाळीस. १५ लिटरला ४५ सेकंद म्हणजे ताशी १२०० लिटर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

पंपाने फसवलं नव्हतं. खोक्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणजे पंप पाण्यात ठेवून पाणी तिथल्या तिथे सोडलं तरचा. जसजसं पाणी वर चढवायचं तसतशी धार कमी होते, आणि एका उंचीला ती शून्य होते. ती कमाल उंचीही खोक्यावर असते, माझ्या पंपाची २.२ मीटर होती. उंची मोजायची ती पंपापासून नाही. तळ्याच्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथे वर जाऊन बाहेर पडतं तिथपर्यंत. फिल्टर मी ओट्यावर ठेवलेला, त्यामुळे माझी उंची १.४ मीटर. म्हणजे कमाल उंचीच्या निम्म्याहून जास्त तिथेच गेली. त्यावर पाइप: पंपाचं तोंड सव्वा इंची, आणि मी त्याला कपलिंग लावून पाऊण इंची नळी जोडली होती, कारण ती घरात पडून होती. सात मीटर लांब, वाटेत दोन काटकोनी एल्बो. अरुंद नळीत घर्षण कसं वाढतं याची कल्पना साध्या डोक्याने येत नाही. व्यास निम्मा केला तर तेवढंच पाणी ढकलायला जोर दुप्पट नाही, निदान सोळा पट लागतो.

फिल्टर ओट्यावरून उतरवून काठाजवळ आणला, पंपाच्या तोंडाइतकीच रुंद नळी टाकली, एल्बो काढून नळीलाच मोठा बाक दिला. पंप तोच. बादली २२ सेकंदांत भरली, ताशी साधारण २४५० लिटर. पाणी आता दीड तासात एकदा फिरतं. सोनमासे आणि झाडं असलेल्या साध्या बागेतल्या तळ्याला दोन तासांत एकदा पुरतं, कोई मासे किंवा गर्दी असेल तर तासाला एकदा फिरायला हवं.

धार कमी असेल तर फिल्टरला दोष देण्याआधी पंपाची जाळीही उघडा. त्यावर शेवाळाचे केस, पानांचे देठ गुंडाळलेले असतात. आत पंखा असतो, तो बाहेर निघतो. त्याच्या खाचेत अडकलेला एक बारीक खडा अख्ख्या पंपाचा जीव घेतो. हात घालण्यापूर्वी पंप बंद, नुसतं बटण नाही, प्लग काढून. तळ्याच्या सगळ्या विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आज दुसरं काही करू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाणी आणि वीज एकत्र असताना बाकीचे सगळे प्रश्न दुय्यम.

तिसरा दोष: पेटलेला पण मेलेला दिवा

यूव्ही दिवा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सोडतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो निळसर उजेड म्हणजे निव्वळ सोबत आलेला प्रकाश. नळी जुनी झाली की निळा उजेड तसाच राहतो आणि कामाचे किरण कमी होत जातात. आठ-नऊ हजार तास ही साधारण उमर, म्हणजे सतत चालू असेल तर जेमतेम वर्षभर. माझा दिवा तिसऱ्या वर्षात होता आणि मी रोज रात्री त्या निळ्या खिडकीकडे बघून समाधान मानत होते.

त्यातही नळीभोवती क्वार्ट्झ काचेचं आवरण असतं. ते बाहेर काढलं तर माझ्याकडे त्याच्यावर खडूसारखा पांढरा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. पाण्यातल्या चुन्याने बसलेला. किरण त्या थरातच जिरत होते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून मऊ कापडाने पुसलं की साफ होतं. घासणी वापरू नका, चरे पडतात. आणि दिवा पेटलेला असताना उघडून बघायचा मोह टाळा. डोळ्यांना इजा होते, ती लगेच जाणवतही नाही.

किती वॅटचा घ्यायचा? हजार लिटरला दोन-तीन वॅट हा चालण्यासारखा ठोकताळा आहे. तळ्यावर दिवसभर ऊन असेल तर वरचा आकडा धरा. दिव्यावर लिहिलेल्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त पाणी त्यातून घालवू नका. पाणी धावत गेलं तर किरणांना पुरेसा वेळ मिळत नाही.

नवा दिवा लावल्यावर एक-दोन आठवडे धीर धरा. किरणांनी शेवाळाच्या पेशी मरतात, एकमेकींना चिकटतात, त्यांचे गोळे होतात. आता हे गोळे स्पंजात अडकतात. त्यामुळे या दिवसांत स्पंज दोन-तीन दिवसांनी हिरव्या चिखलाने भरतो आणि धार कमी होते. लोक इथेच वैतागतात. पण हीच खरी सफाई चालू असते. तेवढे दिवस पहिला स्पंज वरचेवर पिळा, आतलं तसंच राहू द्या.

शेवाळ मारायचं औषध मी एकदा वापरलं आहे, पुन्हा वापरणार नाही. एका रात्रीत सगळं शेवाळ मेलं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत उभे. मेलेल्या शेवाळातली पोषणद्रव्यं पाण्यातच राहिली, त्यामुळे तीन आठवड्यांनी पाणी पुन्हा हिरवं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

फिल्टर घ्यायचाच असेल तर

तीन दोष काढूनही पाणी सुधारलं नाही, किंवा फिल्टर अजून घेतलाच नाही, त्यांच्यासाठी.

खोक्यावर "८००० लिटरपर्यंत" असं लिहिलेलं असतं तेव्हा बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच ठिकाणी तीन आकडे असतात: मासे नसलेलं तळं, मासे असलेलं, कोई असलेलं. मोठ्या अक्षरातला पहिला असतो. एकच आकडा दिला असेल तर माशांसाठी तो निम्मा धरा, कोईंसाठी पाव. आणि मासे आज केवढे आहेत ते बघू नका. बोटाएवढा कोई काही वर्षांत दोन फुटांचा होतो, आणि घाण लांबीच्या हिशेबात वाढत नाही, वजनाच्या हिशेबात वाढते.

पाण्यात बुडवून ठेवायचा डबा फिल्टर लहान तळ्याला, हजार लिटरच्या आतल्याला ठीक. साफ करायला दर वेळी कोपरापर्यंत हात घालावा लागतो, म्हणून तो साफ होत नाही. बंद डब्याचा प्रेशर फिल्टर जमिनीत अर्धा पुरता येतो आणि तिथून पाणी धबधब्यापर्यंत वर चढवता येतं, दिसायला सुटसुटीत. पण आत काय चाललंय ते कळत नाही, आणि मूठ फिरवून साफ होतो या भरवशावर लोक तो वर्षभर उघडतच नाहीत. ड्रम फिल्टर उत्तम, पण तो कोईंची फौज पाळणाऱ्यांसाठी. पोहण्याच्या तलावाचा वाळूचा फिल्टर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. माशांच्या चिकट घाणीने वाळूचे गोळे होतात आणि पाणी मधूनच वाट काढून निघून जातं.

माझी पसंती उघड्या खोक्याला, ज्यात पाणी पंपाने वर येतं आणि आपल्या वजनाने परत तळ्यात उतरतं. झाकण उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. जागा असेल तर जोडीला खडी भरलेला उथळ वाफा करून त्यात पाणवनस्पती लावा आणि पाणी खालून वर सोडा. जिवाणू नायट्रेटपर्यंत आणून सोडतात, पुढचं ही झाडं शोषून घेतात, म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास जातो.

आणि तळ्यात मासेच नसतील, नुसती कमळं आणि चार पाणवनस्पती असतील, तर बहुधा फिल्टरची गरजच नाही. विकणारा हे सांगत नाही.

बसवताना

पंप आणि परत येणारी धार तळ्याच्या दोन विरुद्ध टोकांना ठेवा. दोन्ही शेजारी ठेवली तर तेच ते पाणी फिरत राहतं आणि दुसरा कोपरा कुजत बसतो. पंप तळावर नको, एखाद्या विटेवर ठेवा. नळी कधी निसटली तर पंप तळं उपसून बागेत ओतेल, पण निदान विटेच्या उंचीचं पाणी माशांना उरेल. नळीच्या प्रत्येक जोडाला स्टीलची क्लिप घालाच, नुसती घट्ट बसली म्हणून सोडू नका.

उघड्या खोक्याचा बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा चांगला जाड हवा. आत येणाऱ्या पाण्यामागे पंपाचा जोर असतो, बाहेर जाणाऱ्यामागे फक्त उतार. एक इंच आत, दोन इंच बाहेर असं काहीसं. नाहीतर स्पंज जरा तुंबला की खोकं काठावरून वाहतं, आणि सकाळी तळं चार बोटं खाली गेलेलं दिसतं. मग लोक तळ्याच्या अस्तराला भोक शोधत बसतात.

आतला क्रम: आधी जाड स्पंज, मग बारीक, मग रिंगा किंवा प्लॅस्टिकची चाकं. बारीक आधी लावला तर तो दोन दिवसांत तुंबतो. यूव्ही दिवा बहुतेक तयार संचांत स्पंजाच्या आधी येतो, ते बरोबर आहे, कारण मेलेल्या शेवाळाचे गोळे पुढे अडकायला हवेत.

एक बारीक गोष्ट, जी मी माझ्या भावाच्या तळ्यावर पाहिली. त्याचा स्पंज महिनोन् महिने आश्चर्यकारक स्वच्छ. तो खूश होता. मी झाकण काढून टॉर्च धरला तर स्पंज आकसून एका बाजूला बोटभर फट पडलेली, आणि माशांच्या खाण्याचा एक दाणा डुलत डुलत त्या फटीतून सरळ पलीकडे गेला. पाणी नेहमी सोप्या वाटेने जातं. स्पंजातून एक थेंब जात नव्हता. नवा स्पंज खोक्यापेक्षा दोन सेंटिमीटर मोठा कापून दाबून बसवला आणि खोकं पातळीत आणलं. सहा दिवसांत तो स्पंज व्हायला हवा होता तेवढा घाण झाला.

फिल्टर रात्री बंद करू नका. वीज वाचवायला माझे शेजारी टायमर लावायचे. रात्री झाडं आणि शेवाळ प्राणवायू बनवत नाहीत, उलट तेही खर्च करतात, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. शिवाय वाहतं पाणी थांबलं की खोक्यातले जिवाणू काही तासांत गुदमरायला लागतात. अमोनियातल्या एका ग्रॅम नायट्रोजनमागे त्यांना साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो, काही थोडाथोडका नाही. उन्हाळ्यात तर पाण्यातच तो कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. कधी वीज बराच वेळ गेली आणि खोक्याला सडक्या अंड्याचा वास आला, तर ते पाणी तळ्यात जाऊ देऊ नका. आधी खोकं बागेत रिकामं करा, मग पंप सुरू करा.

सगळं केलं, तरी हिरवंच

मग फिल्टर सोडा आणि खाण्याचा डबा बघा. दोन-तीन मिनिटांत मासे जेवढं संपवतात तेवढंच घालायचं. सोनमासे आणि कोई यांना पोटाची पिशवीच नसते, ते कधी "नको" म्हणत नाहीत. आपण काठाशी गेलो की ते तोंड वर काढतात याचा अर्थ भूक लागली असा नाही, आपण डबा घेऊन येतो हे त्यांना ठाऊक आहे एवढाच. पाणी दहा अंशांखाली गेलं की खाणं बंद.

पाण्याच्या निम्म्याहून अधिक भागावर पानांची सावली यायला हवी. कमळाची पानं वर येईपर्यंत तरंगती झाडं सोडा. माझ्या तळ्यात सगळ्या दुरुस्त्यांनंतरही हंगामाच्या सुरुवातीला दोन-तीन आठवडे पाणी हिरवं होतं. पाणी तापायला लागतं, ऊन वाढतं, पण झाडं आणि जिवाणू अजून जागे झालेले नसतात. ते आता मी सोडून देते. उपसत नाही.

आणि फिल्टर मुरलेला असूनही अचानक अमोनिया दिसायला लागला तर पाण्याचा केएच, म्हणजे कार्बोनेट कठीणपणा, तपासा. जिवाणू अमोनियाबरोबर पाण्यातली क्षारताही खातात, एका ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात ग्रॅमच्या वर. पावसाच्या मऊ पाण्यावर भरलेल्या तळ्यात ती हळूहळू संपते, मग पीएच एकदम कोसळतो आणि जिवाणू काम थांबवतात. हजार लिटरला ३० ग्रॅम खायचा सोडा पाण्यात विरघळवून घातला की केएच साधारण एक अंशाने चढतो. माझ्या ३६०० लिटरला शंभर ग्रॅमच्या थोडा वर. एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त चढवू नका. आधीच अमोनिया भरपूर असेल तर आणखी सावकाश, आधी थोडं पाणी बदलून. पीएच वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो.

नायट्राइट दिसत असेल तर हजार लिटरला एक किलो साधं मीठ माशांचे कल्ले सांभाळतं, मात्र फिल्टरमध्ये झिओलाइटची (अमोनिया शोषणाऱ्या खनिजाची) पिशवी असेल तर ती आधी काढा. मिठाच्या पाण्यात झिओलाइट धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतं. पाणवनस्पतींनाही मीठ मानवत नाही, तेव्हा हे गरजेपुरतंच.

माझी बादली आता तळ्याच्या काठालाच असते. महिन्यातून दोनदा धारेखाली धरते, बावीस-तेवीस आले की झाकण उघडतसुद्धा नाही. गेल्या आठवड्यात एकतीस आले. स्पंज बघितला, ठीक होता. पंपाची जाळी काढली, पंखा बाहेर ओढला, तर खाचेत वाटाण्याएवढ्या गोगलगायीचा रिकामा शंख. काढून टाकला. पुन्हा बावीस.